मारोतराव मिस्त्रींचं एक निदान

आसगावच्या बाजारओळीत माझं किराणा दुकान आणि मारोतराव मिस्त्रींचं इंजिन-दुरुस्तीचं दुकान भिंतीला भिंत लावून होतं. मधली भिंत मातीची, पातळ. तिकडचा खडखडाट मला दिवसभर ऐकू यायला हवा होता, पण मारोतराव इतके हळू बोलत आणि इतके हळू काम करत, की कित्येकदा मला दुकान बंद असल्याचाच भास व्हायचा. हातोडीसुद्धा ते आजाऱ्याला औषध पाजावं तशी वापरत. त्यांची बायको रत्नाबाई मीठ-मिरची न्यायला आली की म्हणायची, "आमचे हे घरात आले का नाही, हे मले ताटावर बसल्यावरच समजते."

पण धानकऱ्यांमध्ये त्यांचा मान मोठा. धानाचं पऱ्हं म्हणजे रोप टाकायच्या दिवसांत कुणाचं पाण्याचं इंजिन बसलं की बैलबंडीत घालून ते मिस्त्रींकडे यायचं. मिस्त्री पेचकसाचं टोक इंजिनाला लावत, मूठ कानाशी धरत आणि डोळे मिटत. भोवतालचे लोकही उगाच श्वास रोखून उभे राहत. मग मिस्त्री सांगत, अमुक ठिकाणी बिघाड आहे, आणि खोलून पाहिलं की तो तिथेच असायचा. घाईने, जोराने आवळलेल्या नटांचे आटे गेलेले त्यांनी जन्मभर पाहिले होते. त्यामुळे त्यांचं एकच म्हणणं असे, "मशीनले तान्ह्या लेकरावानी हात लावा लागते." इंजिनांच्या बाबतीत ते खरंही होतं. मला हा माणूस फार आवडायचा, म्हणून पुढचं सांगणं अजूनही अवघड जातं.

आमच्या गावापासून थोड्या अंतरावर वैनगंगेचा घाट आहे. तिथून पल्याड जायला डोमा ढिवराच्या घरचा डोंगा चाले. बापही तेच करायचा, आजाही तेच. पैशांचा व्यवहार थोडा. सुगी झाली की दोन्ही काठांवरची घरं त्यांना धान घालत. सत्त्याहत्तर सालच्या सुमारास ग्रामपंचायतीने पुराच्या कामातली एक जुनी नाव आणि तिच्यामागे लावायची मोटर लिलावात घेतली. मोटर आमच्यातल्या बऱ्याच जणांपेक्षा वयाने मोठी असावी. रंग उडालेला, अक्षरं खरडून गेलेली. वर इंजिन, खाली पाण्यात बुडणारी गिअरची पेटी आणि पंखा, बाजूला एक दांडा. दांडा पुढे केला की नाव पुढे, मागे केला की मागे, मध्ये ठेवला की इंजिन नुसतंच बडबडत राही. ती चालवायला डोमाशिवाय दुसरं कुणी सुचणं शक्यच नव्हतं.

डोमा म्हणजे आडदांड गडी. हसला तर पल्याडचं कुत्रं भुंकायचं. गिअर टाकायची त्याची तऱ्हा तशीच. इंजिनाचा वेग उतरवायचा आणि दांड्याला एकच हिसका. खट्ट! तो आवाज घाटावर बसलेल्या बायांच्या छातीत वाजायचा. नाव मात्र निघायची सरळ, आणि सलग तीन वर्षं तिने कधी कुरकुर केली नाही.

एके दिवशी मारोतराव पल्याड एका इंजिनाच्या कामाला निघाले. मी वसुलीला निघालेलो, म्हणून सोबत होतो. डोमाने हिसका मारला, खट्ट झालं, आणि मिस्त्रींनी असं तोंड केलं, जसं कुणी त्यांच्याच दाढेवर मारलं.

"का गा डोमा, दात पाडतं का तिचे?"

"नाही जी," डोमा हसला, "थो असाच बसते."

"बसते म्हणून असा बसवाचा? इकडे आन हात."

मिस्त्रींनी डोमाचा हात आपल्या हाताखाली घेतला आणि दांडा सावकाश पुढे सरकवला. "असा. दात दाताले लागून राहिला, हे आपल्या हाताले समजू दे. मंग पुढे ढकल. हळू घाल."

खालून बारीक कर्रर्र असा आवाज आला आणि नाव अलगद निघाली. नावेतले सगळे वाहवा करायला लागले. खट्ट गेलं, ही मऊ कुरकुर आली, म्हणजे मशीन सुखावली असंच आम्हाला वाटलं. डोमानेही मान डोलावली. मिस्त्रींनी भर घाटावर, सगळ्यांदेखत शिकवलेली गोष्ट होती ती. त्या दिवसापासून तो काठावरून निघताना दांडा हळूच सरकवू लागला.

वर्षभराने गिअर निसटू लागला. नाव मध्यधारेत असताना एकदम धाडकन धक्का बसायचा, दांडा आपोआप मध्ये यायचा, इंजिन मोकळं सुटून किंचाळायचं आणि नाव धारेबरोबर वाहू लागायची. डोमा पुन्हा गिअर टाकायचा, नाव चालायची. लोक घाबरायला लागले तेव्हा पंचायतीने मिस्त्रींना बोलावलं.

मिस्त्रींनी वरून दिसणारं सगळं तपासलं. दांडा सरळ होता. दांड्यापासून खाली पेटीत जाणारी सळई वाकलेली नव्हती. सळईच्या पिनेचं भोक थोडं मोठं झालं होतं, तिथे त्यांनी नवी पिन घातली. चार दिवस बरे गेले आणि गिअर पुन्हा निसटू लागला. उरली होती फक्त खालची पेटी. ती खोलायची तर नागपूरहून सील-पॅकिंग आणावं लागणार, रोवण्याच्या ऐन हंगामात नाव बंद ठेवावी लागणार. शिवाय मिस्त्रींना वाटत होतं, पेटी खोलायची गरजच नाही. कारण काठावर बसलं की मध्यधारेतून अधूनमधून तो जुना आवाज ऐकू यायचा. खट्ट!

"डोमा, तू अजून हिसका मारतं?"

"नाही जी."

"मले कान आहेत, डोमा."

डोमा खाली पाहून नावेतलं पाणी उपसत राहिला. घाटावरच्या लोकांना एवढं पुरेसं झालं.

एक्याऐंशीच्या श्रावणात नदी फुगलेली होती. त्या दिवशी नावेत मिस्त्री होते, मी होतो, लेकीकडे निघालेली म्हातारी कुंताबाई होती, खताची पोती आणि कुणाच्या तरी दोन शेळ्या होत्या. धारेत शिरलो आणि गिअर निसटला. इंजिन किंचाळलं. खाली डाव्या अंगाला खडक होते, नाव तिकडे ओढली जाऊ लागली. डोमाने वेग उतरवला, दांडा मुठीत धरला, खांदा मागे घेतला. तेवढ्यात पुढच्या फळीवरून मिस्त्री ओरडले. त्यांना ओरडताना मी पहिल्यांदाच पाहिलं. "हळू! हळू घाल, डोमा!"

डोमाचा हात थांबला. त्याने दांडा हळू सरकवला. कर्रर्र झालं आणि गिअर निसटला. पुन्हा हळू, पुन्हा कर्रर्र. तिसऱ्यांदा हात घालेपर्यंत नाव खडकावर आडवी आदळली. शेळ्या आणि पोती गेली. माणसं नावेतल्या बांबूच्या आधाराने उथळ पाण्यात उतरली, पण कुंताबाई फळीखाली सापडली आणि तिची मांडी मोडली. हाड पुढे जुळलं, पाय मात्र कायमचा आखूड झाला.

शाळेच्या व्हरांड्यात सभा भरली. सरपंच मधुकररावांनी सरळ विचारलं, "मिस्त्री, तुमी सांगा. चूक मोटरची का माणसाची?"

मारोतरावांना डोमाबद्दल राग नव्हता, हे मी शपथेवर सांगतो. पण त्यांना जे खरं वाटलं ते त्यांनी आपल्या त्या हळू आवाजात सांगितलं, "मोटर चांगली आहे. हात जड आहे."

झालं. यापुढे नाव डोमाचा चुलतभाऊ तेजराम चालवेल असं ठरलं. डोमा खांबाला टेकून उभा होता, तो एक शब्द बोलला नाही. सापडला म्हणून गप्प आहे, असं सगळे म्हणाले. त्या सुगीत त्याच्या घरी कुणी धान घातलं नाही. सुगी उरकताच तो बायकोला घेऊन तुमसरच्या वर, नाकाडोंगरीकडे, मँगनीजच्या खाणीत माल भरायच्या कामाला निघून गेला. तीन पिढ्या पाण्यावर काढलेल्या घराला कुलूप लागलं.

तेजराम शांत स्वभावाचा पोरगा. गिअर असा टाकायचा की झोपलेला माणूस जागा होऊ नये. मोटर मात्र बिघडतच गेली. उन्हाळ्यापर्यंत अशी अवस्था आली की पुढचा गिअर धरेचना. मागचा मात्र पूर्वीसारखाच घट्ट. पाणी उतरलेलं होतं, कामं नव्हती, म्हणून मिस्त्रींनी मोटर दुकानात आणली आणि शेवटी ती खालची पेटी खोलली. मी माझ्या गल्ल्यावरून उठून बघायला गेलो.

पेटीत दोन चाकं समोरासमोर होती, एक पुढे नेणारं, एक मागे नेणारं. दोघांच्या मध्ये एक कडं, दोन्ही तोंडांना दात असलेलं. दांडा सरकवला की हे कडं या किंवा त्या चाकात जाऊन अडकतं, एवढाच सगळा कारभार. मिस्त्रींनी कडं बाहेर काढलं, रॉकेलने धुतलं, चिंधीने पुसलं आणि उजेडात धरलं. पुढच्या तोंडाचे दात चघळलेल्या पेपरमिंटसारखे गोल झाले होते. धरणार कशाला ते? मग त्यांनी कडं उलटं केलं. मागच्या तोंडाचे दात कोरे होते, कोपऱ्यावर बोट फिरवलं तर कापेल असे.

ते बराच वेळ कडं उलटसुलट करत राहिले. मग मला विचारलं, "सेठ, रिव्हर्स कोणी हळू घालते का?"

मला काही कळलं नाही.

"काठ आला, दगड समोर दिसला, का माणूस रिव्हर्स हिसक्यानंच मारते. तिथं हळूले वेळच नाही. डोमानं हा मागचा गिअर रोज हिसक्यानं मारला. पाहा, दात कोरे आहेत. आन पुढचा घातला मी सांगतलं तसा." त्यांनी कड्याचे गोल दात अंगठ्याने चाचपले. "थे कर्रर्र होत होतं न, थे दात घासून राहिले होते. एका झटक्यात गेला असता तं खपकन बसला असता. हे मी केलो, सेठ. डोमानं नाही केलं."

मी व्यापारी माणूस. म्हटलं, नवं कडं करून घ्या, मोटर बसवा, विषय संपला. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी निमूट माझ्या गल्ल्यावर येऊन बसलो. त्या दिवशी मातीच्या भिंतीपलीकडून मला मिस्त्रींचं रडणं ऐकू आलं. तेही हळूच होतं.

ज्येष्ठ महिन्यात मला तांदळाच्या सौद्यासाठी तुमसरला जायचं होतं. मिस्त्री कडं चिंधीत बांधून माझ्यासोबत निघाले. वाटेत मोहाडीला बाजाराच्या गर्दीत एसटी अडकली, तेव्हासुद्धा त्यांनी ती पुरचुंडी मांडीवरून खाली ठेवली नाही. माझा सौदा आटोपून आम्ही नाकाडोंगरीला पोचलो. डोमा झोपडीसमोर हातपाय धूत होता. खाणीची काळी धूळ धुतल्याने जात नव्हती. आम्हाला पाहून तो धावत आला, खाट टाकली, बायकोला चहा ठेवायला सांगितलं. रागाचा मागमूस नाही. राग असता तर मिस्त्रींना सोपं गेलं असतं.

मिस्त्रींनी पुरचुंडी सोडली आणि कडं त्याच्या हातात दिलं. डोमाने ते एकदा या अंगाने, एकदा त्या अंगाने पाहिलं.

"मले ठाव होतं जी," तो म्हणाला.

"काय ठाव होतं?"

"हळू घातला का निसटे. मधात निसटला का मी हिसका मारू, मंग बसे. तुमाले काठावर आवाज येत होता न, थो थोच."

"मंग सांगतलं काहून नाही, बाबा?"

"लोकाईत तुमी माया हात धरून शिकवलं होतं जी. तुमची गोष्ट मी खाली पाडू?" डोमाने कडं खाटेवर ठेवलं. "आन त्या दिवशी तं तुमी सोताच बसले होते. हळू म्हणलं तुमी. मी दांडा धरलाच होता."

मिस्त्रींनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. चहा आला, निवून गेला. मग ते म्हणाले, "चाल डोमा. घाट तुया आहे. मी मधुकररावले सांगतो."

डोमाचा चेहरा उजळला. तो लपवायला त्याने मान वळवली. "इथं पाणीच दिसत नाही जी," तो म्हणाला. "पण असा नाही येत. आधी सगळ्यासमोर सांगा का डोमाचा हात नव्हता. कुंताबाईले सांगा. मले पाहून तिनं तोंड फिरवलं होतं, थे मले दिसत राहते. दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेले येतो. तवापर्यंत सांगून ठेवा, मंग मी घाटावरच राहतो."

"हे काय काम आहे?" मिस्त्री म्हणाले. "माह्या शब्दावर तुले काढलं. माह्याच शब्दावर परत घेतीन."

परतीच्या वाटेवर मिस्त्री पहिल्यांदा चार शब्द मोकळे बोलले. डोमाच्या बंद घराचं छप्पर मंडईच्या आधी शाकारायला हवं, असंही म्हणाले.

नागपूरच्या एका खराद्याकडून त्यांनी नवं कडं करून आणलं. पोळ्याच्या आधी मोटर बसवली त्या दिवशी दोन्ही काठांची माणसं घाटावर जमवली. सरपंच होते, कुंताबाईलाही खाटेवर बसवून आणलं होतं. आयुष्यभर हळू बोललेला तो माणूस नावेच्या फळीवर उभा राहिला आणि घशाच्या शिरा ताणून ओरडला, "डोमाचा दोष नव्हता! मी चुकीचं शिकवलो. कुंताबाई, तुयी मांडी माह्यामुळे मोडली!" त्यांनी जुनं कडं लोकांत फिरवलं. दात दाखवले, मागचं तोंड दाखवलं, हिसक्याचं आणि हळूचं सगळं समजावलं.

कडं हातोहात फिरून परत आलं. लोकांनी ते आदराने पाहिलं. मधुकररावांनी मिस्त्रींना हात देऊन फळीवरून उतरवलं आणि म्हणाले, "अशे माणसं आता राहिले नाही. गरिबाची लाज झाकाले सोताचं नाव खराब करून राहिले."

"नाही हो मधुकरराव! खरंच मी..."

"हव, समजलं आमाले," मधुकररावांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

कुंताबाईने पदराने डोळे टिपले. "देवमाणूस आहे," ती म्हणाली. "दुसऱ्याचं पाप आपल्या डोक्यावर घेते."

मिस्त्री चिडले. मी त्यांना चिडलेलं पाहिलं ते तेवढंच. पण जितके चिडले तितके लोक हळहळले. मीही माझ्या परीने सांगून पाहिलं, तर मला म्हणाले, सेठ, तुमी शेजारी आहात, तुमी असंच बोलणार. त्यात तेजरामला मिस्त्रींनी हिसक्याने गिअर टाकायला शिकवलं आणि गिअर पुन्हा निसटला नाही. गावाने त्याचा अर्थ सरळ लावला. डोमा गेला आणि मोटर सुधारली. पंचायतीत डोमाला परत घेण्याचा विषय मिस्त्रींनी दोनदा काढला; दोन्ही वेळा लोक त्यांच्या मोठ्या मनाबद्दल बोलले आणि पुढच्या विषयाकडे वळले. ज्याचा एक शब्द डोमाला घाटावरून उठवायला पुरला, त्याचे शंभर शब्द त्याला परत बसवायला पुरेनात. नाकाडोंगरीला हे कळवायचा धीर मिस्त्रींना झाला नाही. डोमाच्या घराचं छप्पर मात्र त्यांनी स्वतः शाकारलं.

मंडईच्या दिवशी डोमा आला. धुतलेला सदरा, बायकोच्या डोक्यावर भांड्यांचं गाठोडं. राहायच्या तयारीनेच आले होते. मिस्त्री आणि मी घाटाकडे धावलो, पण डोमा आधीच लोकांत पोचला होता आणि हसत होता, त्याच्या त्या जुन्या हसण्याने. त्याला वाटलं होतं, सगळ्यांना कळलं आहे.

कुंताबाई काठी टेकत पुढे आली. "डोमा," ती मायेने म्हणाली, "झालं थे झालं, बाबू. मी तुले माफ केली. पण मिस्त्रीचे पाय धर. तुयासाठी भर घाटावर खोटं बोलला थो."

डोमाचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, डोळ्यांतलं मात्र गेलं. त्याने मिस्त्रींकडे पाहिलं. मिस्त्री "डोमा, मी सांगतलो, मी खरंच..." असं काहीतरी म्हणायला लागले, पण मंडईच्या ढोलात तो आवाज कुणाला ऐकू जाणार? डोमाने त्यांना थांबवलं. सगळ्या गावासमोर तो वाकला आणि त्याने मिस्त्रींच्या दोन्ही पायांवर हात ठेवले. मी अगदी जवळ होतो, म्हणून मला ऐकू आलं. "राहू द्या जी," तो म्हणाला. "तुमी सांगतलं असन. मले पोचलं."

लोकांना फार बरं वाटलं. मधुकरराव म्हणाले, "चाला, मिटलं एकदाचं." गाठोडं खाली उतरलंच नव्हतं, संध्याकाळच्या एसटीने डोमा आणि त्याची बायको नाकाडोंगरीला परत गेले.